धक्का खरा, चाके नकोत

आबा,

मी तुमचा दुसरा मुलगा. माझे नाव तुम्हीच ठेवलेले असल्यामुळे ते येथे पुन्हा लिहीत नाही. वय बावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, सध्या इंदापूर तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या कचेरीत मुख्य हिशेबनीस. पदवी आणि कारखाना या दोन्ही गोष्टी तुमच्या मागे झाल्या, म्हणून त्या आधी सांगून टाकतो. पदवीसाठी मुंबईस राहिलो तेव्हा मी तिशीचा आणि दोन मुलांचा बाप होतो. पहिल्या दिवशी वर्गातली पोरे मला मास्तर समजून उठून उभी राहिली. कारखान्याविषयी एवढेच, की कालव्याच्या पाण्यावर आता जिकडे तिकडे ऊस उभा आहे आणि ज्या माळावर तुम्ही घोडी फिरवायला नेत होता तेथून कारखान्याचे धुराडे दिसते. हे पत्र लिहिण्याचा हेतू एकच आहे. तुमची एक नात, जी तुम्ही पाहिली नाही, विमान चालवायला शिकते आहे. तिच्या सरावासाठी मी काटेवाडीला तुमच्या अंगणात एक यंत्र उभे केले, आणि त्या यंत्राला चाके किती खरी असावीत या प्रश्नाने आम्हा सर्वांना दोन महिने वेड लावले. असा प्रश्न ज्याला विचारावा असा माझ्या माहितीत एकच माणूस होता, तो म्हणजे तुम्ही.

विमान तुम्ही पाहिले नव्हते, तेव्हा ते समजावून देणे भाग आहे. दोन माणसे मागेपुढे बसतील अशी लाकडाची आणि कापडाची अरुंद होडी डोळ्यांसमोर आणा. तिला दोन्ही अंगांना एकावर एक असे कापडी पंख, तोंडाशी इंजिन आणि गरगर फिरणारे पाते, पोटाखाली दोन चाके, आणि शेपटीखाली जमिनीवर घासत जाणारी एक दांडी. बसणाऱ्याच्या मांड्यांमध्ये एक काठी असते. ती पुढे सारली की विमान नाक खाली घालते, मागे ओढली की नाक वर काढते. डाव्या हाताशी एक मूठ असते, ती पुढे ढकलली की इंजिन जोर धरते. वर जाणे अवघड नाही, असे तुमची ही नात, आमची धाकटी, म्हणते, आणि वर गेल्यावर तर काहीच अवघड नाही. सगळी परीक्षा उतरण्याची. विमान जमिनीवर आपटायचे नसते, आणि घागर ठेवावी तसे ठेवताही येत नाही. ते जमिनीपासून हातभर उंचीवर आणायचे आणि तेथे काठी हळूहळू मागे घेत त्याचा वेग इतका मरू द्यायचा, की त्याला उडणे जमेनासे होऊन ते आपसूक बसते. दोन चाके आणि शेपटीची दांडी एकाच वेळी टेकली तर उतरणे उत्तम. काठी ओढायला उशीर झाला तर चाके आदळतात, घाई झाली तर विमान वरून पडते, आणि दोन्ही वेळा ते चेंडूसारखे उसळते. उसळी हा शब्द गेले दोन महिने आमच्या घरात मिठापेक्षा जास्त लागला.

धाकटी मुंबईस कॉलेजात असताना तिला तेथल्या फ्लाइंग क्लबात शिकण्याची जागा मिळाली. मुलींसाठी जागा एक, आणि तिच्या मागे नाव लावून बसलेल्या पुष्कळ. भाद्रपदात गणपती उठल्याबरोबर ती बारामतीच्या स्टेशनावर छोट्या गाडीतून उतरली ती पडलेले तोंड घेऊनच. चुलीपुढे तिच्या आईने तिला भाकरी वाढली आणि विचारले, "काय गं, पडलीस का काय कुठं?"

"पडले न्हाय, आई. उडाले."

"उडायलाच ठेवलंय नव्हं तुला तितं?"

"उतरताना उडाले," धाकटी म्हणाली आणि भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसली.

मग सर्व कळले. क्लबातले शिकवणारे पारशी गृहस्थ सभ्य आणि स्पष्ट बोलणारे. त्यांनी तिला सांगितले होते की तुला बाकी सारे येते, उतरता मात्र येत नाही. विमान उसळले की तू घाबरून काठी पुढे सारतेस, मग दुसरा दणका पहिल्याहून वाईट बसतो. घरी जा, दिवाळीनंतर ये, एकदा पाहू. तेव्हाही हेच झाले तर जागा पुढच्या मुलीला द्यावी लागेल. "आन् विमानाशिवाय घरी बसून मी काय शिकणार?" असे ती मला विचारत होती, आणि आबा, त्याच क्षणी मला तुमचा लाकडी घोडा दिसला. मी ताटावरून उठलो तेव्हा माझे जेवण व्हायचे होते, हे मला हिने, म्हणजे तुमच्या सुनेने, दुसऱ्या दिवशी सांगितले.

तो घोडा मला आजही जसाच्या तसा दिसतो. अंगणात चार खांब, त्यांना अंबाडीचे चार दोर, आणि दोरांवर आडवा टांगलेला लिंबाचा ओंडका, वर घोंगडी लपेटलेली. घोंगडीवर मात्र खरे खोगीर, ते आवळायचा खरा तंग, पाय अडकवायच्या खऱ्या रिकिबी. इनामदारांची मुले आणि पोलिसात भरती झालेले जवान तुमच्याकडे शिकायला येत. तुम्ही त्यांना आधी जिवंत घोड्याजवळ फिरकू देत नसा. ते ओंडक्यावर बसत आणि तुम्ही मागे उभे राहून कधी एक दोर ओढता, कधी दुसरा, आणि बसणाऱ्याला कळत नाही आता घोडा कुठे झुकणार. त्या घोड्याला पाय नव्हते, शेपटी नव्हती, तोंडही नव्हते. पाहुणे हसत. तुम्ही हसू देत असा.

तर त्याच अंगणात, तुमच्या चारांपैकी दोन खांब म्हशी बांधण्यासाठी अजून उभे आहेत त्यांच्या शेजारी, आम्ही यंत्र उभे केले. करणारे आमचे तात्या सुतार, मी आणि धाकटी. कालवा आल्यापासून बंद पडलेल्या विहिरीवरची मोटेची लांब तुळई काढली आणि दोन मेढींच्या बेचक्यात मधोमध टेकवली, लहान मुले फळीवर बसून वरखाली होतात तशी. एका टोकाला धाकटीची बैठक, तिच्यात काठी आणि मूठ. दुसऱ्या टोकाला वजनासाठी दगडांचे टोपले आणि एक दोर, आणि तो दोर माझ्या हातात. मी दोर खाली ओढला की बैठक पुरुषभर वर जाते, सैल सोडला की खाली येते. काठीला बांधलेली सुतळी तुळईवरून माझ्यासमोर रोवलेल्या एका लवचीक काटक्यापर्यंत आणली; काठी मागे आली की तो झुके, म्हणजे धाकटीने काठी किती ओढली हे मला समोर दिसते. मुठीला घुंगरू, म्हणजे तिने इंजिनाचा जोर वाढवला की मला ऐकू येते. तिने वेळेवर काठी घेतली तर मी दोर हलक्या हाताने सोडायचा. चुकली तर एकदम. विमान म्हणजे या यंत्रात मीच होतो.

येथून वाद सुरू झाला. तात्यांना ते यंत्र विमानासारखे दिसायला हवे होते.

"हिशेबनीस, इमान म्हनल्यावर पंख नकोत व्हय? लोक म्हनतील तात्यानं जत्रंतला पाळणा केला."

"पंखांचा तिच्या हाताला काही उपयोग नाही, तात्या."

"हाताला न्हाय, पर डोळ्याला हाय की. आन् म्होरं एक पातं लावू. मी फिरवीन."

"तात्या, तुमी पातं फिरवा," ही ओट्यावरून म्हणाली, "हे घुंगरू वाजवतील, आन् पोरगी तिकिटं फाडंल. शिकायचं ऱ्हाऊ द्या."

मी स्वभावाने काटेकोर, हे तुम्ही जाणता. प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा असे मी ठरवले होते. हा भाग खोटा ठेवला तर मुंबईच्या मैदानावर पोरीचे काय चुकेल? पंख खोटे ठेवले तर काही चुकत नाही, म्हणून पंख नाहीत. पाते नाही, शेपटी नाही, रंग नाही. काठी मात्र तिच्या मापाची, कारण तिचे मनगट ते माप लक्षात ठेवणार. या कसोटीत सगळे बसले, फक्त चाके बसेनात. पहिल्या आठवड्यात बैठकीखाली चाके नव्हतीच. खाली उसाच्या चिपाडाची पोती टाकली होती आणि बैठक त्यांवर येऊन बसत होती. धाकटीने दोन दिवस तसेच करून पाहिले. मग म्हणाली, "अण्णा, हे गादीवर टेकल्यासारखं होतंय. मी कशीबी आले तरी चालतंय. विमान असं माफ करत न्हाय."

ते पटल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. चाके घ्यायची तर पूर्ण खरी. बारामती–इंदापूर सर्व्हिस मोटारीचे मालक स्वतःच गाडी चालवतात आणि मला रोज कारखान्यावर नेतात. त्यांच्याकडून दोन जुन्या स्टेपन्या, म्हणजे मोटारीबरोबर जादा ठेवतात ती चाके, मागून आणली. धाकटीने विमानाच्या पोटाखालची रचना कागदावर काढून दिली. तेथे चाकांच्या आसाला रबरी दोऱ्यांचे वेढे असतात आणि दणका ते वेढे पितात. आम्ही लॉरीच्या फाटक्या ट्यूबा चिरून वेढे केले. एक वेढा कमी, एक जास्त, पुन्हा एक कमी, असे करत मी तिला विचारत राहिलो की मैदानावरचा दणका असाच होता का. ती डोळे मिटून बसे आणि सांगे, "जरा कडक. आता जरा वरनं. हां, हाच." शेपटीखालच्या दांडीसाठी तात्यांनी बाभळीची वाकडी फांदी शोधून आणली. आणि ज्या संध्याकाळी बैठक पहिल्यांदा त्या चाकांवर आदळून खरोखर उसळली, त्या संध्याकाळी कालव्यावरून घरी जाणारे लोक कुंपणाला उभे राहिले, तात्यांनी पागोटे सारखे केले, आणि मी, बावन्न वर्षांचा मुख्य हिशेबनीस, दोर हातात धरून मोठ्याने हसलो. इतकी खरी वस्तू मी आयुष्यात केली नव्हती.

त्यानंतरचे दिवस उत्सवासारखे गेले. मी कचेरीतून येऊन कोट काढायच्या आत दोर धरत असे. धाकटी दिवसेंदिवस सुधारत होती. काठी वेळेवर मागे येते, माझ्यासमोरचा काटका हळू झुकतो, मी दोर सोडतो आणि चाके अलगद टेकतात. मी मनाशी म्हणत होतो की प्रश्न सुटला, खरेपणा जितका जास्त तितके शिकणे चांगले.

मग खंडेनवमी आली. तुम्ही त्या दिवशी खोगिरे, लगाम, चाबूक ओट्यावर मांडून पुजत असा आणि दिवसभर कोणाला घोड्यावर बसू देत नसा, हे मला आठवत होते. पण आमच्या यंत्राशी त्याचा संबंध लागेल हे डोक्यात आले नाही. सकाळीच मोटारवाले दारात उभे राहिले.

"अण्णासाहेब, माझी चाकं द्या."

"आजच? उद्या नेली तर?"

"उद्या काय करू नेऊन? आज खंडेनवमी हाय. मोटार धुतली, हार घातला, समदी चाकं पुजायला पायजेत."

"पण या जुन्या स्टेपन्या. त्या गाडीला लागत नाहीत."

"लागत न्हाईत म्हनून काय चाकं न्हाईत व्हय? ज्याच्यावर पोट चालतं ते आज फिरवायचं न्हाय, आन् तुमी हितं दिसभर आपटणार. मला वर्षभर त्याच रस्त्यानं जायाचंय."

चाके गेली. धाकटीचा एक दिवस बुडत होता आणि ती ऐकेना. तेव्हा तात्यांनी रबरी वेढ्यांखाली एक लाकडी ठोकळा बसवला. धक्का तोच, उसळी तीच, फक्त चाके नाहीत. मी दोर ओढून तिला वर नेले आणि सोडू लागलो. माझ्यासमोरचा काटका एकदम मागे गेला. फार लवकर. बैठक वरून पडली आणि उसळली. पुन्हा नेले. या खेपेस काटका हललाच नाही आणि ठोकळा जमिनीवर असा आदळला की ओट्यावरच्या पूजेतली सुपारी घरंगळली. तिसऱ्या खेपेला उसळल्याबरोबर तिने काठी पुढे सारली, अगदी मुंबईला करीत होती तशी. ती खाली उतरली. "अण्णा, मला काहीच येत न्हाय," ती म्हणाली. "मी सावली बघत होते."

खुलासा ऐकून मी पायरीवरच बसलो. आम्ही सराव करीत असू ती वेळ उन्हे उतरण्याची. चाकाची सावली बाजूच्या जमिनीवर पडे, बैठक खाली येताना सावली सरकत सरकत चाकाशी येई, आणि दोघांत वीतभर अंतर उरले की धाकटी काठी ओढे. हे ती ठरवून करीत नव्हती. चाक बैठकीबाहेर डोळ्यांसमोर होते, म्हणून डोळा तिकडे गेला; ठोकळा मात्र बैठकीखाली दडलेला होता. विमानात उतरताना नजर लांब पुढे ठेवायची असते, जमीन कुठे आहे ते पुढच्या झाडांच्या रेषेवरून आणि अंगाखालून कळून घ्यायचे असते. आणि माझ्या सुंदर चाकांनी तिला मान वळवून खाली पाहायला शिकवले होते. मुंबईच्या मैदानावर ढग असते तर काय झाले असते?

तेथे बसल्या बसल्या मला ते तोंड आठवले. मी दहाएक वर्षांचा असेन. एका इनामदारांचे कारभारी पुण्याहून कोरून आणलेले घोड्याचे लाकडी तोंड तुम्हाला भेट देतात. काय त्याचे कान, काय नाकपुड्या, डोळे तर असे रंगवलेले की पापणी हलेल. तुम्ही दोन्ही हातांनी ते घेता, कपाळाला लावता आणि पागेच्या भिंतीवर टांगता. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारला गेल्यावर मी ते काढतो, ओंडक्याला पुढून बांधतो, वर बसतो आणि भावाला दोर ओढायला लावतो. मी मानेला मिठी मारून बसलो आहे, अजिबात पडत नाही आणि स्वतःला मोठा स्वार समजतो आहे, तोच तुम्ही येता. मारत नाही. आवाजही चढवत नाही. एवढेच म्हणता, "सोड ती मान. तोंड दिसलं की पोरगं तोंड धरतं. घोडं मांडीत कळतं, तोंडात न्हाय." मग तोंड सोडून पुन्हा भिंतीवर टांगता आणि मला तसेच वर बसवून दोर हातात घेता. मी लगेच पडलो.

तेव्हा मला वाटले होते की तुम्हाला नवी वस्तू आवडली नाही. बेचाळीस वर्षांनी कळले की तुम्ही माझ्यासारखाच हिशेब मांडला होता, फक्त माझ्या हिशेबात एक रकाना कमी होता. भाग खोटा ठेवला तर काय चुकेल, हे मी विचारले. भाग खरा ठेवला तर पोरगी कशाला धरून बसेल, हे मी विचारलेच नाही. आणि पाहा, खोगीर, तंग, रिकीब, म्हणजे जे मांडीला लागते ते तुम्ही अस्सल ठेवले, आणि जे डोळ्याला दिसते ते सारे वगळले. मला इतका आनंद झाला की मी धाकटीला तेथल्या तेथे ही गोष्ट सांगितली. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हंजी धक्का ठेवायचा, चाकं न्हाईत." एका वाक्यात ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचे सोने वाटून मोटारवाले चाके घेऊन आले. चाकांवर कुंकवाची बोटे, आऱ्यांत झेंडूच्या माळा. मी त्यांना नम्रपणे सांगितले की आता ती लागणार नाहीत.

"पूजा झालेली चाकं परत करता व्हय?" त्यांचा चेहरा उतरला. "काल न्हेली म्हनून रागावला का?"

मी विमानशास्त्र समजावू लागलो, ते अधिकच दुखावले. शेवटी ही ओट्यावरून उठली. "तुमच्या त्या टोपल्यातलं दगड काढा आन् हितं बांधा चाकं. वजनाला वजन झालं. आन् पोरीला दिसायची बी न्हाईत." तसे केले. तेव्हापासून ती दोन चाके झेंडूच्या माळांसकट माझ्या डोक्यावर वरखाली होत राहिली आणि सगळेच समाधानी झाले. तात्या म्हणाले, "शेवटी इमानाला चाकं लागलीच की, शेपटाला का हुईना."

पण चाके काढल्याने काम निम्मेच झाले. उरलेले निम्मे तुमच्या दुसऱ्या शिरस्त्यात होते. पडलेल्या शिकाऊला तुम्ही अंगावरची धूळ झटकू देत नसा. आधी पुन्हा घोड्यावर, मग धूळ. मोठमोठ्या घरची मुले पाठीवर माती घेऊन घरी जात आणि त्यांच्या आया तुमच्या नावाने बोटे मोडीत. आमच्या यंत्रात दणका बसला की सगळे थांबत, तात्या वेढे तपासत, मी चूक समजावून सांगे, धाकटी पदर सारखा करी. म्हणजे रोज आम्ही तिला शिकवत होतो की उसळीनंतर काम संपते. मुंबईला तर काम तेथेच सुरू होणार होते. उसळल्यावर काठी पुढे सारायची नाही, आहे तेथे धरायची, मूठ पुढे ढकलून इंजिनाला जोर द्यायचा आणि वर निघून जायचे, पुन्हा फेरी मारून उतरायला यायचे. हे तिला तोंडपाठ होते. हाताला ठाऊक नव्हते.

मग मी ठरवले की बोलायचे नाही, थांबायचे नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मी तिला चांगली उतरत असतानाही मधूनच दोर सोडून आपटू लागलो. मी न सांगता सोडी आणि ती उसळे. काठी पुढे गेली की मी दुसऱ्यांदा अधिक जोरात आपटी. काठी जागेवर राहिली आणि घुंगरू वाजले तरच दोर ओढून वर नेई.

"अवो, पोर हाय ती," ही पदर तोंडाला लावून म्हणे. "ज्वारीचं पोतं न्हाय."

"आई, तू आत जा," धाकटी वरूनच म्हणे. "अण्णा, सोडा."

एका दिवशी ती इतक्या वेळा आदळली की तात्यांनी पातळ उशी आणून दिली. तिने ती हिच्याकडे फेकली. दणका अंगाखालूनच कळायला हवा, असे ती म्हणाली, आणि आबा, हे वाक्य मी तिला शिकवले नव्हते. दिवाळीच्या तोंडावर केव्हातरी ते घडले. आपटली, आणि आपटण्याचा आवाज विरायच्या आत घुंगरू वाजले. मी अजून मनाशी विचार करीत होतो आणि माझे हात दोर ओढत होते. नजर तिची कालव्यावरच्या झाडांवर. खाली तिने पाहिलेच नाही. तात्या म्हणाले, "आता ही पडली तरी वरच पडंल."

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघे छोट्या गाडीने दौंडला आणि तेथून मुंबईस गेलो. मैदान समुद्राजवळ, सपाट, गवत पिवळे पडलेले. मला कुंपणाच्या तारेबाहेर उभे राहण्याची परवानगी होती. आधी ते पारशी गृहस्थ तिच्याबरोबर वर गेले, फेऱ्या मारून खाली आले, मग उतरून इंजिनाच्या आवाजात तिला काहीतरी सांगितले आणि मागे न पाहता छपराकडे चालत गेले. त्यांची पुढची बैठक रिकामी. विमान पुन्हा धावू लागले तेव्हा मला कळले की ती एकटी आहे.

ती वर गेली, समुद्रावरून वळली, एवढीशी झाली, पुन्हा मोठी झाली. उतरायला आली तेव्हा आकाश ढगाळ होते आणि कुठे सावली नव्हती. मला सगळे लख्ख दिसत होते. नाक जरासे वर, वेग मरतो आहे, आता, आता, आणि वाऱ्याने म्हणा की घाईने म्हणा, विमान हातभराऐवजी पुरुषभर उंचीवरच बसले. आदळले. उसळले, आमच्या यंत्राने कधी दाखवली नव्हती एवढ्या उंच. शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला, "गेली." माझे दोन्ही हात नसलेला दोर ओढत छातीपाशी आले होते. आणि तेवढ्यात इंजिनाने जोर धरला. नाक खाली गेले नाही. विमान तारेवरून, आमच्या डोक्यावरून, टोप्या उडवीत वर निघून गेले. आबा, तो आवाज मी तुम्हाला कशाने सांगू? मी त्या शेजाऱ्याचा खांदा धरून हलवत होतो आणि तो बिचारा सोडा सोडा म्हणत होता.

दुसऱ्या फेरीला ती उतरली. दोन चाके आणि शेपटीची दांडी एकदम टेकली. पारशी गृहस्थांनी तिला एवढेच विचारले की उसळल्यावर वर जाणे आम्ही सांगून सांगून थकलो, ते तुला शिकवले कोणी. ती म्हणाली, वडिलांनी, दोरीने. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. जागा तिचीच राहिली आहे. ती आता मुंबईस आहे आणि मी गेल्या महिन्यात परत आलो. बारामतीहून येताना मोटारवाल्यांनी वाटेत तीन ठिकाणी गाडी थांबवून मला ही हकीकत लोकांना सांगायला लावली.

हे पत्र तुमच्या श्राद्धाच्या दिवशी सर्वांसमोर वाचावे असे लिहायला घेताना मनात होते. ते आता करता येणार नाही, म्हणून हे माझ्यापाशीच राहील. कारण असे, की त्या दुसऱ्या उतरण्याचे वर्णन मी घरी, कचेरीत आणि मोटारीत अनेकदा केले आहे. तात्यांना तर ओट्यावर तळहात टेकवून दाखवले की चाके अशी आली आणि दांडी अशी आली. तुम्हाला मात्र खरे सांगतो. ते मी पाहिलेले नाही. विमान दुसऱ्यांदा खाली येऊ लागले तेव्हा मी मैदानाकडे पाठ केली. समोर रस्त्याच्या कडेला क्लबाची एक पाटी होती. गुरे चारण्यास, गवत कापण्यास, कपडे वाळत घालण्यास व तार ओलांडण्यास सक्त मनाई आहे, असे तीवर लिहिले होते. लोकांनी टाळ्या वाजवीपर्यंत मी ती वाचत होतो, आणि ती मला अजून अक्षरन् अक्षर पाठ आहे.

तुमचा दुसरा मुलगा
इंदापूर, १२ डिसेंबर १९३७